बॅनरवरचा इंजिनिअर

नाव त्याचं प्रशांत, आणि शांतपणाशी त्याची ओळखच नव्हती. आमच्या वरच्या खोलीत तो जवळजवळ दोन वर्षं राहिला, पण तो बसलेला मी फार थोड्या वेळा पाहिला असेल. जेवतानासुद्धा याचा एक पाय उंबऱ्याबाहेर. फोन आला की उठायचा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत सुटायचा. वरच्या खोलीची जमीन म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचं छत. मी पोळ्या लाटतेय आणि डोक्यावर चपला फटक फटक वाजतायत, असा रोजचा कार्यक्रम. आमच्या ह्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव येरझाऱ्या ठेवलं. मी मात्र त्याला इंजिनिअर म्हणायचे, ते चेष्टेनं. ती चेष्टा मी पुढं बंद केली, कारण त्या एका शब्दानं त्या पोराचा जीव नुसता खाल्ला.

मी इथल्याच, भोकरच्या शाळेत उभी हयात घालवलेली बाई. चुळबुळी पोरं मला नवीन नाहीत. पण वर्गातलं पोर चुळबुळ करतं ते बाहेर पळायला, आणि हा बिचारा कुठंतरी आत शिरायला धडपडत होता. खोली बघायला आला तेव्हा नळाला पाणी किती वेळ येतं, पंखा चालतो का, असलं काही त्यानं विचारलं नाही. गॅलरीत जाऊन, मान वाकडी करून खांबाकडं बघत म्हणाला, "बाई, इंटरनेटची वायर कोणत्या बाजूनं येती?" हिमायतनगरच्या पुढं, आत कुठंतरी त्याचं गाव. वडील मजुरी करायचे, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. घरातच काय, त्यांच्या वस्तीतही पदवीपर्यंत पोचलेला हाच पहिला. नांदेडला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं आणि मग नेटवर्किंगच्या क्लासला लागला. हे नेटवर्किंग म्हणजे काय रे, असं मी एकदा विचारलं. जिन्यात उभ्याउभ्याच म्हणाला, "पोस्टमन करतो तेच बाई. कुणाचं पाकीट कोणत्या रस्त्यानं कुणाच्या दारात टाकायचं, ते ठरवायचं. फक्त हे पाकीट डोळ्याला दिसत न्हाई." मला ते पटलं. पोस्टातली नोकरी म्हणजे पक्की नोकरी, असं मी आपलं मनाशी धरून टाकलं.

अभ्यास त्यानं केला, हे मी कुठंही छातीठोक सांगेन. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यानं सरावाला दोन लोखंडी डबे आणले होते, त्यांना तो राउटर म्हणायचा. त्यांना हिरवे दिवे लुकलुकायचे आणि घुर्र आवाज यायचा. खोलीभर निळ्या वायरी. त्यांचे तुकडे कापायचे, टोकं सोलायची, आतल्या रंगीत तारा ओळीनं लावायच्या, चिमट्यानं दाबायच्या; नाही जमलं की पुन्हा कापायचं. उरलेल्या लांब वायरीची त्यानं गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी केली. मी म्हटलं, अरे, बाजारात नायलॉनची दोरी मिळते. तर म्हणाला, "पडूनच हाय बाई. कपडे तरी वाळू द्या तिच्यावर." परीक्षा हैदराबादलाच होती, सगळी इंग्रजीतून. जाताना पाया पडून गेला आणि परत आला तो बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभा. पास झाला होता. आत ये, बस, म्हटलं, नाही बसला. आता पुढं काय, विचारलं तर म्हणाला, महिन्याभरात लागतो कुठंतरी. इतक्या खात्रीनं म्हणाला की मी शेजारणीला सांगूनही टाकलं.

त्याची नजर कायम वर असायची. लग्नाच्या हॉलमध्ये लोक नवरीकडं बघतात, हा छताकडं. हॉटेलात शिरला की आधी वायर कुठून आत आली ते शोधणार. एकदा मी पेन्शनच्या कामाला बँकेत निघाले तर माझ्याबरोबर आला. तिथं नेहमीचं गाऱ्हाणं: लिंक नाही. म्हातारी माणसं रांगेत ताटकळलेली, काऊंटरवरची मुलगी हाताची घडी घालून बसलेली. आमचा इंजिनिअर एका पायावरून दुसऱ्या पायावर. कोपऱ्यातल्या कपाटाकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय, परत कपाटाकडं. शेवटी न राहवून वॉचमनकडं गेला आणि म्हणाला, मी नेटवर्कची परीक्षा पास आहे, जरा बघू का? वॉचमननं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि रांगेत उभं राहायला सांगितलं. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. लिंक दुपारी आपली आपण आली आणि मला पेन्शन मिळाली.

महिना गेला, तीन गेले, नोकरीचं नाव नाही. दर वेळी एकच रड. जाहिरातीत लिहायचं नवीन उमेदवार पाहिजे, आणि खाली बारीक अक्षरात दोन वर्षांचा अनुभव. तो म्हणायचा, "बाई, नोकरी लागल्याशिवाय अनुभव न्हाई, आन अनुभव असल्याशिवाय नोकरी न्हाई. कुठून सुरू करावं माणसानं?" मी म्हटलं, म्हणजे यांना दोन लेकरांची आई असलेली कोरी नवरी पाहिजे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि जिना चढून पळाला. पण ते त्याला आवडलं असावं, कारण नंतर कुणाशी तरी फोनवर तेच सांगताना मी ऐकलं.

मुलाखती फोनवर व्हायच्या. "बाई, अर्धा तास मिक्सर लावू नका," असं सांगून तो वर जायचा. मग मी खाली लसूण निवडत बसायचे आणि वरचं ऐकायचे. बोलणं कळायचं नाही, पाय कळायचे. चालणं एका लयीत असलं की ठीक चाललंय. मधेच पाय थांबले की समजायचं, तो प्रश्न आला. अनुभवाचा. त्यानंतर चपला वाजायच्या त्या उगाच, नेम नसल्यासारख्या. खाली आल्यावर मी विचारायचे, काय म्हणाले? ठरलेलं उत्तर असायचं: कळवतो म्हणाले. त्या कळवतो म्हणणाऱ्यांनी आजतागायत काही कळवलेलं नाही. तोंडावर नाही म्हणायला यांच्या काय जिभेला फोड येतो, कुणास ठाऊक.

आता आमच्या भागाची एक खोड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं कशाचंही बॅनर लागतं. वाढदिवसाचं, नव्या ट्रॅक्टरचं, ग्रामसेवकाच्या बदलीचं. कुत्र्याच्या वाढदिवसाचं बॅनरही मी या डोळ्यांनी पाहिलंय. प्रशांत पास झाला हे कळल्याबरोबर वस्तीतल्या पोरांनी वर्गणी केली आणि हिमायतनगरच्या एका छपाईवाल्याला सांगितलं, आमचा दोस्त नेटवर्कची परीक्षा पास झाला, मोठं बॅनर करा. छपाईवाल्याकडं साचा तयार असतो: अमुक पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. फौजदार घाला, तलाठी घाला, काहीही घाला. त्यानं रिकाम्या जागेत नेटवर्क इंजिनिअर घातलं. कोट-टाय घातलेलं भलत्याच कुणाचं धड घेतलं आणि त्याच्यावर आमच्या प्रशांतचं मुंडकं बसवलं. खाली शुभेच्छुक म्हणून पोरांचे बारके बारके फोटो. आणि हे सगळं वस्तीतल्या विहारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावलं.

फोटो त्याच्या मोबाइलवर आला तेव्हा तो माझ्यासमोरच होता. आधी खूप हसला. मला दाखवला, मीही हसले. त्या कोटाचे खांदे इतके रुंद की मान त्यात रुतल्यासारखी दिसत होती. मग हसता हसता तो थांबला. म्हणाला, "बाई, यांनी निवड लिहिलंय." दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं गावी गेला, चूक सांगायला. गाडीतून उतरला तर तिथं सत्काराची तयारी. शाल, नारळ, हार. मधल्या खुर्चीत हा, आणि पुढं सतरंजीवर त्याची आई, नवं लुगडं नेसून. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की आपल्या वस्तीतला पहिला इंजिनिअर आज आपण डोळ्यांनी पाहिला. आता यावर त्यानं काय बोलावं? तो मला म्हणाला, तोंड उघडलं होतं बाई, पण आईकडं बघितलं आन बंद केलं. नोकरी काय, पंधरा दिवसांत लागेलच, मग सगळं आपोआप खरं होईल, असा हिशेब त्यानं मनाशी केला. शाल घेऊन परत आला.

ते पंधरा दिवस काही संपेनात. गावाकडून फोन यायला लागले. कुणाचा भाचा बारावी झालेला, त्याला तुमच्या कंपनीत चिकटवा. आईचा फोन रोज असायचा. "कवा येतूस रे?" हा म्हणायचा, "ड्युटी हाय माय, सुट्टी भेटत न्हाई." तेवढं एक वाक्य बोलताना तो चालायचा नाही. गॅलरीचा कठडा धरून उभा राहायचा. तो काम शोधायला पुण्याला गेला, हैदराबादला गेला, लातूरला दोनदा गेला. घरी काही गेला नाही. हिमायतनगर इथून हाकेच्या अंतरावर, आणि या पोराला ते परदेशासारखं झालं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला राग यायचा. मी म्हणायचे, अरे, जा आणि सांगून मोकळा हो, आईच आहे ती. तो म्हणायचा, "नोकरी घेऊनच जातो बाई. रिकाम्या हातानं गेलो तर तिला वस्तीत तोंड काढाया जागा राहणार न्हाई."

पुण्याला एका कंपनीनं सरसकट मुलाखती ठेवल्या होत्या. रात्रभर बसमधून गेला, सकाळी बसस्टँडवरच दाढी करून इस्त्रीचा शर्ट चढवला आणि पोचला, तर फाटकाबाहेर ही लांब रांग. याच्यासारखेच, हातात प्लास्टिकचं फोल्डर. उन्हात उभं राहून संध्याकाळी नंबर आला. आतल्या बाईंनी सर्टिफिकेट बघितलं, छान म्हणाल्या आणि अनुभव विचारला. परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यात आणखी एक भानगड मला तेव्हा कळली. त्या सर्टिफिकेटला मुदत असते म्हणे. ठरलेली वर्षं गेली की ते रद्द, पुन्हा परीक्षा. "दुधाच्या पिशवीसारखं हाय बाई," तो म्हणाला. "वापरायच्या आधीच नासून चाललंय." मी पिठलं-भाकरी वाढली. त्यानं उभ्यानं खाल्ली.

आणि मग एका रविवारी सकाळी चाकूरहून एक गृहस्थ आमच्या दारात आले. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, एस.टी.तून निवृत्त झालेले. मी कोण म्हणून विचारलं, तर म्हणाले, आमच्या भाचीसाठी एक स्थळ बघतोय, मुलगा तुमच्याकडं भाड्यानं राहतो, जरा चौकशी करावी म्हणलं. आमच्याकडं मुलगी द्यायची म्हणजे मुलाच्या घरच्यांना विचारून भागत नाही. घरमालक, किराणावाला, मेसवाली, सगळ्यांकडून काढून घेतात. प्रशांतच्या वडिलांनी कुणा मध्यस्थाकडं शब्द टाकला होता आणि त्या मध्यस्थानं पुरावा म्हणून काय दाखवावं? बॅनरचा फोटो. मामांनी मोबाइल काढून तो माझ्यापुढं धरला. तेच रुंद खांदे.

मी त्यांना पोहे दिले. वागणूक कशी, विचारलं; मी म्हटलं, सोन्यासारखी. व्यसन? सुपारीचंही नाही. हे सगळं खरं होतं, म्हणून मी चांगलं ठासून सांगितलं. मग मामा म्हणाले, "कंपनी कोणती म्हणायची?" आमच्या ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला तो खाली घेतलाच नाही. मी चहाचं निमित्त करून आत गेले. डोक्यावर चपला वाजत होत्या. हल्ली घरबसल्या काम करणारे ढीगभर आहेत. आहे कुठल्याशा कंपनीत, घरूनच काम करतो, एवढं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या मुलीचा विचार मनातून जाईना. मी आधण उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

चपला जिना उतरून खाली आल्या. पाण्याची बाटली भरायला आला होता. मामांनी त्याला बघितलं, मोबाइलकडं बघितलं आणि हसून म्हणाले, "हेच ना तुम्ही?" मी चहा घेऊन दारात आले तेवढ्यात. प्रशांतनं तो फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. आणि बाटली खाली ठेवून समोरच्या खुर्चीत बसला. नीट, पाठ टेकून.

"मामा, मुंडकं माझं हाय," तो म्हणाला. "बाकीचं न्हाई."

मामांना कळेना. मग यानं सगळं सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गिळता. परीक्षा पास झालो ते खरं. नोकरी नाही. वर्ष होत आलं, हिंडतोय, कुणी घेत नाही. छापणाऱ्यानं चुकीचं लिहिलं, पण मी गप्प बसलो, ती चूक माझी. मामांनी बशीत ओतलेला चहा तसाच राहिला.

"तुमच्या घरी माहीत हाय का हे?"

"न्हाई."

"घरच्याला सांगितलं न्हाई, आन मला कामून सांगितलात?"

"घरच्यांना फसवलं तर घरचे माफ करतेत मामा. तुमच्या पोरीनं काय म्हणून करावं?"

मामांनी चहा संपवला. कप-बशी स्वतः आत आणून ठेवली. मग म्हणाले, पोरगं चांगलं आहे, पण पोरगी देता येणार नाही. त्यात दुष्टावा अजिबात नव्हता. माझी भाची असती तर मीही दुसरं काही म्हटलं नसतं. दारात चपला घालताना ते प्रशांतकडं वळून म्हणाले, "आजच्या आज घरी जाऊन सांगा. मध्यस्थाला मला फोन करावाच लागंल. मी चाकूरला पोचायच्या आत ही गोष्ट हिमायतनगरला पोचंल. दुसऱ्याच्या तोंडून ऐकू देऊ नका त्यांना." तो वर गेला, ती सत्काराची शाल पिशवीत घातली आणि दुपारच्या गाडीनं गेला. दोन दिवस माझं घरात लक्ष लागलं नाही. ह्यांनी तीनदा विचारलं, भाजीत मीठ आहे का.

परत आल्यावर त्यानं जे सांगितलं ते असं. घरी पोचला तेव्हा वडील बाहेर गेले होते, आई अंगणात ज्वारी पाखडत होती. यानं पिशवीही खाली न ठेवता सांगायला सुरुवात केली. नोकरी नाही, कधीच नव्हती, सगळीकडं अनुभव मागतात. तिनं सूप थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की दिवाळीला का आला नाहीस. हा म्हणाला, नोकरी नव्हती म्हणून. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"आपल्या घरात यायाबी अनुभव लागतो का रे?"

त्यानंतर त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. नोकरीचा राग नव्हता तिला. नोकरी नाही म्हणून लेकरानं आईचं दार बंद आहे असं धरलं, त्याचा होता. रात्री ताट वाढलं ते न बोलताच वाढलं, पण भाकरी दुप्पट. वस्तीत यानं विहारात सगळ्यांसमोर सांगितलं आणि शाल परत पुढं केली. कुणी ती घेईना. बॅनर लावणारी पोरं खाली मान घालून बसली होती. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, परीक्षा तरी पास झालास ना? हो म्हटल्यावर म्हणाले, मग घरी घेऊन जा ती. दोन-चार जण मागून हसलेही असतील. ते हसणारच, माणसं आहेत. मला हे सांगताना तो पुन्हा खोलीत येरझाऱ्या घालत होता, पण यावेळी कठड्यापाशी थांबला नाही.

पुढच्या महिन्यात लातूरला काम लागलं. काम म्हणजे काय, तर एक माणूस तिथल्या शिकवण्यांच्या क्लासमध्ये आणि मुलांच्या वसतिगृहांत कॅमेरे आणि इंटरनेटच्या वायरी बसवायचा, त्याच्या हाताखाली हेल्पर. शिडीवर चढायचं, भिंतीला भोक पाडायचं, वायर ओढायची. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. एवढी इंग्रजी परीक्षा देऊन शिडी धरायची? मी त्याला नको नको ते बोलले. माझ्या वर्गातला असतास तर कान पिळला असता, म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "बाई, घरी सांगूनच चाललोय, हेल्पर म्हणून. वायरीच्या ह्या टोकाला तर हात लागू द्या. त्या टोकाला कवातरी पोचंन." दोन्ही लोखंडी डबे पोत्यात गुंडाळून घेतले, पाया पडला आणि रिक्षात बसला. रिक्षा वळेपर्यंत मी उभी होते. आत आल्यावर रडले. ह्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, राग आलाय म्हणून.

अजून तो लातूरलाच आहे. शिडीवरून खाली उतरलाय म्हणे. दोन वसतिगृहांचं इंटरनेट आता त्याच्याकडं असतं, बंद पडलं की पोरं यालाच बोलावतात. कंपनीतली ती खरी नोकरी मात्र मिळालेली नाही. "अर्ज करून राहिलो बाई," म्हणतो. फोनवर मागं गाड्यांचे आवाज येत असतात, म्हणजे रस्त्यानं चालतच बोलतो. कामाला दोन वर्षं झाली की अनुभवाच्या रकान्यात काहीतरी लिहिता येईल, एवढ्यावर त्याची सगळी आशा आहे. मीही लातूरकडच्या कुणी भेटलं की कुठं जागा आहे का, विचारत असते. जीव अडकलाय त्या पोरात.

तो गेल्यावर महिना-दीड महिन्यानं त्याची आई आली. तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नांदेडच्या दवाखान्यात कुणाला तरी बघायला आली होती आणि त्याची राहिलेली गादी न्यायची होती. सडपातळ, उन्हानं रापलेली बाई. पिशवीत माझ्यासाठी मुगाची डाळ. जमिनीवरच बसायला लागली, मी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. चहा झाला, गादी बांधून झाली, तरी ती उठेना. मग म्हणाली, "बाई, घरला येत न्हवता तवा तो तुमच्यापाशी व्हता. मला त्या दिवसांचं सांगा."

मी सांगायला लागले. मेसचा डबा कसा अर्धा परत जायचा, माझ्याकडं ज्वारीची भाकरी कशी मागून खायचा, मुलाखत असली की मिक्सर कसा बंद ठेवायला लावायचा. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवायची आणि आणखी विचारायची. वरणात लिंबू पिळतो का अजून? थंडीत अंगावर काय घ्यायचा? मग जरा थांबून तिनं विचारलं, आजारी पडला होता का. पडला होता. उन्हाळ्यात, पुण्याहून आल्यावर, चांगला फणफणला होता. तिच्यापासून काय लपवायचं? मी सांगितलं.

"तवा आवाज बसला व्हता त्याचा," ती म्हणाली. "मला म्हणला, कंपनीत एसी हाय, थंडी लागती."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ताप आला की त्याला डोक्यावर हात लागतो, बाई. ल्हानपणापासून. काढला की जागा व्हतो. तुमी ठेवला व्हता का?"

"ठेवला होता," मी म्हटलं. "खरंच ठेवला होता."

"कोणता?"

मी उजवा हात पुढं केला. तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गालाला लावला.